वारा चाळणारी वेल

आषाढात सोलापूरला पाऊस कमी आणि वारा फार. बाहेरगावच्या माणसाला हे पटकन समजत नाही. टीव्हीवर पंचगंगेची पातळी दाखवत असतात, पुण्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी असते, आणि आमच्या डोक्यावरून ढग नुसते पळत असतात. सह्याद्रीवर रिते होऊन आलेले, हलके झालेले ढग. चार थेंबांची भुरभुर होते आणि अंगण ओलं होण्याआधीच वाळतं. आमचा खरा पाऊस सप्टेंबरातला, परतीचा, संध्याकाळी विजा घेऊन येणारा. तोवर पश्चिमेचा वारा रात्रंदिवस वाहत असतो. दोरीवरची चादर ताणून फडफडते, गच्चीवरच्या टाकीचं झाकण आपटत राहतं, आणि घरातल्या घरात बोलतानाही आवाज चढवावा लागतो.

विजापूर रस्त्याच्या बाजूला आमचं घर आहे. घराच्या पश्चिमेला मोकळा प्लॉट, त्यापलीकडे आणखी मोकळे प्लॉट, मग शेतं. शेजारच्या प्लॉटवर एक जुना कडुलिंब होता. झाड आमचं नव्हतं, पण त्याची सावली रोज दुपारी तीनला आमच्या व्हरांड्यात येऊन बसायची, आणि तिच्या बरोबर अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दुपारचा चहा, पेपर, रस्त्यावरून जाणाऱ्यांशी दोन शब्द, हे सगळं त्या सावलीत चालायचं. तीन वर्षांपूर्वी प्लॉट विकला गेला आणि लिंब तोडला. बांधकाम अजून सुरू झालेलं नाही. लिंब मात्र गेला.

त्यानंतर ऊन सरळ डोळ्यांत यायला लागलं आणि धूळ सरळ चहात. अप्पांनी काही न बोलता खुर्ची आत घेतली. पेपर आतच वाचायला लागले. रस्त्यावरून हाक मारणारे हळूहळू कमी झाले, कारण हाकेला ओ देणारा माणूस दिसेनासा झाला होता. मला ते सहन होईना.

झाड लावायचं तर त्याला दहा-पंधरा वर्षं हवीत. एवढी वाट बघायला आमच्याकडे वेळ नव्हता. वेलीचं तसं नसतं. झाड आपली पुष्कळशी ताकद खोडात घालतं, स्वतःला उभं धरण्यात. वेल ते काम दुसऱ्यावर सोपवते आणि वाचलेली ताकद लांबी वाढवण्यात आणि पानांत लावते. म्हणून दोन-तीन वर्षांत ती भिंत झाकू शकते. माझ्या मनात हिरवा पडदा होता, बारा महिने हिरवा. पानगळ होणारी वेल नकोच, असं मी ठरवून टाकलं होतं, कारण आमच्याकडे पानं गळतात ती नेमकी फाल्गुन-चैत्रात, आणि सावलीची गरज सुरू होते तीही तेव्हाच.

पहिल्या वर्षी मी फुलं बघून वेली आणल्या. फेब्रुवारीत रोपवाटिकेत गेले तर सगळंच सुंदर दिसतं. वारा नसतो, ऊन कोवळं असतं, प्रत्येक पिशवीतली वेल बांबूच्या काडीवर शहाण्यासारखी उभी असते. मी बोगनवेल आणली, मनीप्लँट आणला, कृष्णकमळ आणलं, जाई आणली, आणि सहा फूट उंच झालेली एक मधुमालती आणली. कंपाउंडच्या कडेने पत्रा ठोकून घेतला, वारा अडेल म्हणून. पत्र्याच्या आतल्या बाजूला लोखंडी जाळी, जाळीवर वेली.

मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी पाणी वाढवलं. पान जिवंत असतं तेव्हा त्याच्या अंगालगत दमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत पुसून नेतो. मग पानातून पाणी आणखी वेगाने उडतं, आणि मुळं ते तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत. टोकाला आणि कडेला पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं, म्हणून तिथंच आधी करपतं. खाली माती ओली असली तरी हे होतं. त्या दिवसांत मी मुळांना पाणी पाजत होते आणि दुखणं वर होतं. मनीप्लँट आठ दिवसांत गेला. तो मूळचा दमट रानाच्या सावलीतला, त्याला त्या भिंतीवर चढवणं हाच अन्याय होता.

मग मे महिन्यात वळवाचा पाऊस आला. आमच्याकडे वळीव आधी धुळीची भिंत घेऊन येतो. पाचच मिनिटं सुटला असेल तो वारा. पत्र्याची दोन पानं उखडली आणि आतली जाळी बोगनवेलीसकट आडवी झाली. दिवसभर पानाफुलांनी गच्च भरलेली ती बोगनवेल मला फार आवडायची. वाऱ्याच्या लेखी ते एक शीड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. जाळीचे खिळे तो हिशेब धरून मारलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते सगळं उचलत होते. अप्पा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"पत्रा कशाला लावायलीस परत?"

"वारा अडवायला, अप्पा."

"वारा अडत नसतो. तो चाळायचा असतो."

अप्पांचं लहानपण पानमळ्यात गेलं. आजोबा नागवेलीची पानं पिकवायचे. आमच्यासारख्या कोरड्या, उघड्या मुलखात नागवेल जगवायची म्हणजे वाऱ्याशी रोजचा व्यवहार. ती वेल नाजूक, सदा हिरवी, दमट सावलीची सवय असलेली. तिला शेवरी, पांगारा, शेवगा अशा झाडांवर चढवतात, आणि मळ्याच्या कडेनेही शेवरीची दाट रांग धरतात. मी लहानपणी त्या मळ्यात गेले की आत एकदम गार वाटायचं, कानातला वारा थांबायचा, तरी पानं हलत असायची. ती का हलतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

अप्पांनी मला सांगितलं ते असं. भिंतीवर आपटलेला वारा थांबत नाही, वर उडी मारतो आणि पलीकडे गिरक्या घेत खाली पडतो. भिंतीच्या आडोशाला लावलेलं रोप त्या गिरक्यांत सापडतं आणि उघड्यावरच्या रोपापेक्षा जास्त हेलपाटतं. शेवरीच्या रांगेतून मात्र निम्मा वारा आरपार जातो. जाताना त्याचा जोर मोडतो, आणि हा आरपार गेलेला मंद वारा वरून येणाऱ्या वाऱ्याला खाली पडू देत नाही. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की वारारोधक पट्ट्यांचं शास्त्र हेच सांगतं: साधारण निम्मा भाग उघडा असलेला अडसर सगळ्यांत चांगला, आणि त्याचा फायदा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत सहज मिळतो. अप्पांनी हे आकडे कधी वाचले नव्हते. त्यांनी आतली पानं हलताना बघितली होती.

मग पत्रा काढला. त्याच्या जागी आम्ही तुराट्यांचा कूड केला. तुरीच्या वाळलेल्या काड्या आमच्या जिल्ह्यात कुठेही मिळतात. त्या बांबूच्या आडव्या पट्ट्यांत उभ्या विणायच्या, फार दाट नाही, पलीकडचा माणूस अंधुक दिसेल इतपत. सहा फूट उंच कूड. माझ्या मनातल्या बागेत तो शोभत नव्हता, पण लावल्या दिवसापासून व्हरांड्यातला वारा बदलला. धूळही कमी झाली, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. वारा मंदावला की हातातलं ओझं खाली टाकतो, कुडाच्या बुडाशी बारीक मातीची रांग साचायला लागली.

हे झाल्यावर मी वेलींकडे नव्याने बघितलं. या वेळी फुलं बघितली नाहीत, हात बघितले. वाऱ्याच्या जागी वेल निवडायची तर पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला आता मनापासून वाटतं: ही वेल धरते कशी?

काही वेली काहीच धरत नाहीत. बोगनवेल ही त्यातली. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ मध्ये बुगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत रिओ द जानेरोजवळ कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती नोंदवली आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. कॉमर्सनबरोबर पुरुषाच्या वेशात जान बारे नावाची स्त्री त्याची मदतनीस म्हणून होती, पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद आहे. तेव्हा कॉमर्सन पायाच्या दुखण्याने बेजार होता, त्यामुळे ती वेल प्रत्यक्ष तिनेच खुडून आणली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते खरं असावंसं वाटतं. तर ही बोगनवेल काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झाडावर रेलते, बस. काटा अडकला तर अडकला. भिंतीवर तिला आपणच बांधायचं असतं आणि आयुष्यभर बांधत राहायचं असतं. कोरड्या जमिनीत ती राणीसारखी राहते, पाणी थोडं तोडलं की जास्त फुलते, म्हणून रस्त्यांच्या दुभाजकात ती सगळीकडे दिसते. पण उघड्या वाऱ्यात तिच्या लांब फांद्या चाबकासारख्या फिरतात आणि तिचेच काटे तिचीच पानं फाडतात, शेजारणीची तर फाडतातच. मी ती टाकली नाही. कोपऱ्यात, भिंतीपासून दूर, झुडूप म्हणून कापून ठेवली आहे. तिथं ती सुखात आहे.

काही वेली भिंतीला चिकटतात. बारीक पानांची ती अंजीरकुळातली वेल, जी मोठ्या बंगल्यांच्या भिंतीवर हिरव्या रंगासारखी सारवलेली दिसते, तिच्या खोडाला मुळं फुटतात आणि ती थेट प्लॅस्टर धरते. वाऱ्याच्या दृष्टीने याहून चांगली पकड नाही, कारण भिंत आणि वेल यांच्यामध्ये वारा शिरायला जागाच उरत नाही. पण पश्चिमेची भिंत मे महिन्यात हात लावू देत नाही इतकी तापते. त्या भिंतीवर कोवळी मुळं धरण्याआधीच वाळली. उत्तरेच्या बाजूला मात्र तीच वेल आता कमरेएवढी चढली आहे.

आणि काही वेलींना तणावे असतात. तंबू ताणायच्या दोऱ्यांनाही आपल्याकडे तणावेच म्हणतात, आणि हा शब्द वेलीला किती चपखल आहे हे मला कृष्णकमळाने दाखवलं. त्याचा तणावा आधी सरळ हवेत हात फिरवत असतो. तारेला लागला की काही वेळातच तिच्याभोवती वळतो. नंतर खरी गंमत. टोक तारेला बांधलं गेलं, बुड खोडाला, आणि आता मधला भाग स्वतःला पीळ घालायला लागतो. दोन्ही टोकं पक्की असल्यामुळे एकाच दिशेने पीळ बसूच शकत नाही. म्हणून अर्धा पीळ उजवीकडे, अर्धा डावीकडे, आणि मध्ये एक छोटासा सरळ तुकडा. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी स्प्रिंग तयार होते. वाऱ्याचा झोत आला की ती लांबते, गेला की आखडते. खोड तुटत नाही, कारण झटका खोडापर्यंत पोचतच नाही.

चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वेलींवरचा आपला अभ्यास १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने लिहून ठेवलंय की सोसाट्याचा वारा सुटला की तो मुद्दाम बाहेर जाऊन उघड्या कुंपणावरची एक वेल बघत उभा राहायचा. आजूबाजूच्या फांद्या हेलपाटत असायच्या, आणि ही वेल आपल्या पीळदार तणाव्यांवर वादळ काढायची. त्याला ती नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासारखी वाटली. ती वेल काकडीच्या कुळातली, म्हणजे आपल्या तोंडल्याची, दोडक्याची, कारल्याची नातेवाईक. हे वाचून मी त्याच दिवशी शेजारच्या अक्कांच्या कुंपणावरची तोंडली बघायला गेले. आयुष्यभर तोंडल्याची भाजी केली, पण तिचा तणावा हातात धरून कधी बघितला नव्हता.

म्हणून या वेळी मी मुख्य भिंतीसाठी संक्रांतवेल निवडली. तीही ब्राझीलकडची, पण तिचं नाव आपण आपल्या सणावरून ठेवलंय, कारण ती नेमकी त्या सुमाराला फुलते. सोलापुरात तेव्हा सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, अडुसष्ट लिंगांना निघतात, गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, पाळणे लागतात, आणि त्याच आठवड्यात या वेलीवर केशरी नळ्यांचे झुपके लटकतात. पण मी तिला घेतलं ते यासाठी नाही. तिच्या पानाच्या टोकाला, जिथं तिसरं पान यायला हवं तिथं, तीन बोटांचा तणावा येतो. पानं लहान, चिवट, चकचकीत. वारा त्यांच्यावरून घसरतो. आणि ती खरोखर सदाहरित आहे. जुनी पानं गळतात, पण एकेक करून, कुणाच्या लक्षात न येता, तोवर नवी आलेली असतात. सदाहरित म्हणजे न गळणारं पान नव्हे. पान कधी ना कधी गळतंच. ती सगळी एकदम जायची नाहीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

मधुमालतीबद्दल मात्र मी चुकले होते, आणि ते सविस्तर सांगायला हवं. पहिल्या उन्हाळ्यात तिने निम्म्याहून जास्त पानं टाकली तेव्हा मी तिला मनातून उतरवलं. ही काही आपल्या कामाची नाही, असं म्हणून कोपऱ्यात सोडून दिलं. पावसाळ्यात तिला फुटवा आला आणि ती कुडावर चढायला लागली, कुणी न बांधता. तणावे तर तिला नाहीत. ती खोड गुंडाळते, पण एवढ्या वाऱ्यात नुसतं गुंडाळणं पुरेसं नसतं. मी तिला सोडवायला गेले तेव्हा बोटाला टोचलं. जवळून बघितलं तर जुन्या खोडावर जागोजाग खालच्या अंगाला वळलेले, टणक झालेले आकडे. काटे म्हणून ते उगवलेले नव्हते. ते गेल्या उन्हाळ्यात गळलेल्या पानांचे देठ होते. ही वेल पान टाकते, पण देठाचं बूड ठेवते, ते वाळून काट्यासारखं होतं, आणि त्या आकड्यांनी ती वर चढते.

मी तिथंच बसून राहिले. ज्या पानगळीसाठी मी तिला नाकारलं होतं, त्या पानगळीतूनच तिला हात फुटले होते. अप्पांना आणून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन, बोटाने तो आकडा चाचपला. "काय शहाणी आहे," एवढंच म्हणाले.

तिचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोण? कसली?' सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते दिलं, कारण लहानपणी ती झुडपासारखी उभी राहते आणि मग अचानक वेल होते. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. पांढरं असताना रात्रीचे मोठे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसाचे पाहुणे. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं आणि मी त्यावरच भाळले होते. तिचे हात मात्र दुसऱ्या वर्षी दिसले.

आता भिंतीची मांडणी अशी आहे. द्राक्षबागेतून निघालेली जुनी जाड तार आणली. आमचा जिल्हा द्राक्षांचा, नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली सोनाका ही जात इथलीच, त्यामुळे तार, अँगल आणि ते ताणायचं कसब दोन्ही सहज मिळतं. आडव्या तारा दीड-दीड फुटावर, भिंतीपासून चार बोटं पुढे. ही चार बोटांची फट फार महत्त्वाची. तापलेल्या भिंतीची झळ पानांना थेट लागत नाही, आणि मागे शिरलेल्या वाऱ्याला निघून जायला वाट राहते. तारांवर संक्रांतवेल, दक्षिणेच्या टोकाला मधुमालती. व्हरांड्याच्या छपरावरून खाली सोडलेली पडदावेल, तिच्या बारीक लोंबत्या फांद्यांना काही धरायचंच नसतं, त्या वाऱ्याबरोबर झुलतात आणि एकमेकींत गुंतून दाट होतात. कृष्णकमळ कुडाच्या आतल्या अंगाला, कारण त्याची मोठी पानं उघड्यावर फाटतात. लसूणवेल पूर्वेला लावली, पान चुरगळलं की खरोखर लसणाचा वास येतो, तिच्याबद्दल अजून माझं मत झालेलं नाही. जाई घराच्या आडोशाला हलवली. तिला वाऱ्याला तोंड द्यायला लावणं माझ्या जिवावर आलं.

बांधण्याचं काम अप्पांचं. पानमळ्यात वेल लव्हाळ्याने बांधतात, भिजवून मऊ केलेल्या. लव्हाळा आता कुठून आणायचा, हा प्रश्न अक्कांनी सोडवला. त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. टॉवेलच्या कारखान्यातून कापून काढलेल्या किनारीच्या सुती पट्ट्या त्यांनी पिशवीभर आणून दिल्या आणि तुटलेला धागा विणकर कसा जोडतो ती गाठ मला शिकवली. चपटी गाठ, ओढली की घट्ट होते, पण फुगत नाही. सुती पट्टी खोडाला कापत नाही, प्लॅस्टिकची सुतळी एका पावसाळ्यात कापते. अप्पा पट्टीचा आठ करतात: एका फाशात तार, दुसऱ्यात वेल, मध्ये फुली. त्यामुळे खोड तारेवर घासत नाही. फास बोट जाईल इतका सैल. सैल ठेवण्यालाही कारण आहे. वाऱ्याने हललेलं खोड बुटकं पण जाड होतं. घट्ट जखडून ठेवलेलं नुसतंच उंच होतं, आणि दोरी सुटली की मोडतं. हे सांगताना अप्पांना नंदीध्वज पेलणारे आठवतात. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालायची तर काठी हलू द्यावी लागते, तिच्याबरोबर आपणही हलावं लागतं.

लावण्याच्या वेळेबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगते. मृग लागला की रोपं लावायची, असं सगळे म्हणतात. आमच्या या उघड्या जागेत मृगात लावलेलं रोप पुढचे दोन-अडीच महिने नुसतं हेलकावे खातं. बुडाशी मातीत वाटीसारखा खड्डा पडतो आणि कोवळी मुळं रोज तुटतात. मी आता गणपती गेल्यावर लावते. वारा पडलेला असतो, परतीचा पाऊस जमीन खोलवर भिजवतो, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी मुळांना सहा महिने मिळतात. रोपही फूटभर उंचीचंच घ्यावं. सहा फुटांची वेल पिशवीत मुळं गुंडाळून बसलेली असते, वाऱ्यात तिला तोल सापडत नाही.

माती आमची काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेग पडली की मूळ तुटतं. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळलं, वर उसाचं पाचट वीतभर जाड पसरलं. पाचट वाऱ्याने उडतं, त्यावर जुन्या फांद्या ठेवाव्या लागतात. नळाला पाणी रोज येत नाही, बोअरचं पाणी चुन्याचं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही वेलीला ते घेता येत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा हिरव्या राहतात. कृष्णकमळाला आणि जाईला हे लगेच होतं, मधुमालतीला कमी. मी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी त्या दोघींसाठी राखून ठेवते.

छाटणी मे महिन्याच्या शेवटी, वारा सुरू व्हायच्या आधी. द्राक्षवाले वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. पानमळ्यात तर पूर्ण वेलच वर्षातून एकदा खाली उतरवून मातीत दाबतात. वाढलेलं कमी करण्याचं धाडस माझ्यात पहिल्या वर्षी नव्हतं. दोन वर्षं मनापासून जपलेला दाट हिरवा भार स्वतःच्या हाताने एक तृतीयांश कापायचा, तेही ऐन उन्हात, हे कठीण जातं. पण जे दाट असतं त्यातून वारा जात नाही, आणि वारा गेला नाही की तो सगळं घेऊन जातो. कापलं की वेल पुन्हा जाळीसारखी होते.

मध्यंतरी नान्नजला माळढोक अभयारण्याकडे गेले होते. माळढोक दिसला नाही. दिसलं ते गवत, क्षितिजापर्यंत, एकाच दिशेने वाकत आणि उठत. मैलभर झाड नाही. हीच या मुलखाची मूळ वस्ती, आणि तिने वाऱ्यासाठी काय शोधून काढलंय ते समोर होतं. मला माझी भिंत आठवली आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

परवा रात्री वारा फार होता. दोनच्या सुमाराला मी बॅटरी घेऊन बाहेर आले तर अप्पा आधीच दारात उभे होते, शाल गुंडाळून.

"सुटली का कुठं?"

मी प्रकाश फिरवला. सगळी भिंत हलत होती, वरपासून खालपर्यंत, पण जागेवर होती. मधुमालतीची एक कोवळी फांदी तारेवेगळी झाली होती, तेवढीच.

"एक फांदी आहे. सकाळी बांधू."

"दिवस वर यायच्या आत बांध. ऊन लागलं की मान टाकती."

सकाळी अप्पांनीच बांधली. मग खुर्ची स्वतः ओढत व्हरांड्याच्या कडेला आणली, बसले, आणि चहा होईपर्यंत भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, फुलं बघतायत. त्यांनी काठीने वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मधली एक जागा दाखवली, तिथून ऊन आत येत होतं.

"तिथं रिकामं आहे. अक्काकडनं तोंडलीची एक कांडी घे."

"आजच आणते."

"आज नको," अप्पा म्हणाले. "गणपती जाऊ दे."